सिंकखालच्या तारखा

वायसरमामांना कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर ते मागे वळून दुसऱ्या कुणाला बोलावलंय का ते बघतात. नळदुरुस्तीचा धंदा, आणि कुठल्याही नळाचं दुखणं ऐकलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "काही नाही, वायसर गेलाय." पाइप फुटून घरात गुडघाभर पाणी झालं तरी वाक्य तेच. नाव पडायला एवढं पुरलं. पस्तीस वर्षं झाली, आता त्यांच्या घरी येणाऱ्या टपालावरसुद्धा कुणीतरी कंसात 'वायसर' लिहितं, नाहीतर पोस्टमन पाकीट परत नेतो.

मामांची कामाची एक पद्धत होती. नवं सिंक बसवलं, पाणी सोडून पाहिलं, सांध्यावरून बोट फिरवून तो कोरडा आहे अशी खात्री झाली, की कानामागची पेन्सिल काढायची, सिंकखाली शिरायचं आणि भिंतीवर तारीख लिहायची. ही त्यांच्या उस्तादांची शिकवण. उस्ताद म्हणायचे, "गिऱ्हाइकाला नळ नेहमी गेल्या महिन्यातच बसवलेला आठवतो. आठ वर्षं झाली तरी गेल्याच महिन्यात. वाद घालू नकोस, खाली वाकून दाखव." आणि वर दम भरायचे, "काम पुरं झाल्याशिवाय तारीख घालायची नाही. ती तुझी जबान आहे."

मामांनी ह्या शिकवणीत स्वतःची भर घातली. नुसती तारीख लिहून त्यांचं समाधान होईना. मग ते शेजारी दोन शब्द लिहू लागले. 'पाणी बाराला गेलं, चारला आलं.' 'भिंत ओली आहे, आधीच सांगितलं होतं.' 'चहा दोनदा.' 'चहा नाही.' शेवटचा शेरा वस्तीतल्या तीन घरांत आहे, आणि तिन्ही घरांना तो ठाऊक नव्हता, कारण सिंकखाली डोकं घालून वाचत कोण बसतंय?

आता एवढ्या शिस्तीच्या माणसाच्या घरचे नळ कसे असतील? दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मामांच्या घरात खाली एक स्वयंपाकघर आणि वर एक. वरचं त्यांनी बारा वर्षांपूर्वी आईसाठी केलं. सासू-सुनेचं पटत नव्हतं अशातला भाग नाही, छान पटायचं. फक्त एका ओट्यापाशी पटायचं नाही. म्हणून मामांनी एका सुट्टीच्या दिवशी पाइप वर नेला, सिंक बसवलं, नळ जोडला, आणि तो सांध्यातून गळू लागला. हाताशी हव्या मापाची जोडणी नव्हती. त्यांनी सूत गुंडाळलं, वर चिंधी बांधली, खाली बादली ठेवली आणि मामींना म्हणाले, "तात्पुरतं आहे, उद्या करतो."

तो उद्या काही उगवला नाही. रोज संध्याकाळी काम संपवून घरी आले की मामा हत्यारांची पिशवी जिन्याखाली टाकायचे आणि "नळ बघून येतो" म्हणून वर जायचे. नळाकडे बघायचे, चिंधी आवळायचे, आईच्या हातचा चहा प्यायचे, दिवसभरात कुणाच्या घरी काय फुटलं ते सांगायचे आणि "उद्या करतो" म्हणून खाली यायचे. आठ वर्षं हे असं चाललं. मग आई गेली. नळ राहिला, बादली राहिली. वर्षभराने मामांची लेक आणि जावई वर राहायला आले. लेक दवाखान्यात नर्स, जावई शहरबस चालवतो, दोघांच्या पाळ्या कधी जुळायच्या नाहीत. त्यांना मुलगी झाली, आणि तिला मामा-मामीच सांभाळायचे. तिला दोनच गोष्टी आवडायच्या, मामांच्या मिशा आणि बादलीत पडणारा थेंब.

तर अशा सुखात सगळं चाललेलं असताना मामांनी स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

झालं असं. वस्तीत निवृत्त हेडमास्तर राहतात. माणूस सरळ, पण स्वस्थ बसणं त्यांच्या पत्रिकेतच नाही. त्यांनी नगररचना खात्याला अर्ज लिहिला. अर्जातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ही वस्ती आखली तेव्हा एका घरात एक कुटुंब धरलं होतं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, इथे घरोघरी दोन दोन झाल्या. कुणी वर पोराला जागा दिली, कुणी भाडेकरू ठेवला. पाण्याचा पाइप तोच, गटार तेच, शाळेतल्या वर्गात एका बाकावर चार मुलं. हेडमास्तर सह्या घेत मामांकडे आले आणि अर्जातला पाण्याचा मुद्दा तेवढा मोठ्याने वाचला.

"वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, खरं की नाही?" हेडमास्तर म्हणाले.

"खरं म्हणजे? मी हेच कधीपासून बोंबलतोय. पाइप एवढाच आणि तोंडं किती." मामांनी पेन्सिलीनेच सही ठोकली. यादीत तिसरी.

मामींनी आतून विचारलं, "कशावर सही केलीत?"

"पाण्यावर," मामा म्हणाले.

सहा महिन्यांनी नियम आला. खात्याने काम मन लावून केलं होतं. ह्या वस्तीत यापुढे एका घरात एकच कुटुंब. कुटुंब मोजायचं कसं, तर स्वयंपाकघरावरून. जिथे शेगडी आणि नळाचं सिंक, तिथे एक कुटुंब. घरात दुसरं स्वयंपाकघर सापडलं तर ते सहा महिन्यांत काढायचं, आणि तिथे राहणाऱ्यांनी दुसरीकडे जायचं. वस्तीतली गर्दी निम्म्याने कमी होईल असा हिशेब. फक्त एक सवलत, दहा वर्षांपेक्षा जुनं स्वयंपाकघर असेल आणि तसा त्या काळचा पुरावा असेल, तर ते राहील.

मामांनी नोटीस दोनदा वाचली आणि मान वर करून छताकडे पाहिलं. वर जावई मुलीला खेळवत होता, त्याच्या पावलांचा आवाज येत होता. पाणी सोडून बाकी सगळं त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"पाण्यावर सही केलीत ना?" मामी म्हणाल्या. "घ्या आता पाणी."

लेकीने नोटिशीची घडी घालून ती मामांच्या हातात परत दिली, तेच मामांना जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी जावयाने शहराच्या पार टोकाला एक खोली पाहून आणली. दोन बसा बदलून यायचं, आणि मुलीला दिवसभर पाळणाघरात ठेवायचं. जावई म्हणाला, "खोली बरी आहे, मामा. नळ गळत नाही." बिचारा धीर द्यायला गेला होता.

वस्तीत सदतीस घरांना नोटिसा लागल्या. पुरावा कुणाकडे असणार? वरची स्वयंपाकघरं सगळ्यांनी गुपचूप केलेली, अळीमिळी गुपचिळी. ना परवानगी, ना कागद. लोक खात्यात जाऊन सांगायचे की आमचं वीस वर्षांपासून आहे, आणि खातं म्हणायचं की असेल, दाखवा. तिथे घोडं अडायचं.

वाट सापडली ती शिंपीणबाईंना. त्यांच्या वर एक म्हातारं जोडपं भाड्याने राहायचं. त्या दोघांना निघायला सांगायचं कोणत्या तोंडाने, ह्या विचारात बाई वरच्या सिंकखालचा डबा ओढत होत्या, तर भिंतीवर अक्षरं दिसली. एक तारीख, अठरा वर्षांपूर्वीची. पुढे, 'पाणी दिवसभर बंद, काम संध्याकाळी पुरं. चहा दोनदा, बाई सज्जन.' शिंपीणबाई तशाच गळ्यात टेप अडकवून मामांच्या दारात आल्या.

"मामा, तुम्ही किती घरांत असं लिहिलंय?"

मामा विचारात पडले. "सगळ्यांतच," ते म्हणाले. "का हो, डाग पडला का?"

सदतीसपैकी चौतीस घरांत मामांची तारीख होती. संध्याकाळपर्यंत अख्खी वस्ती आपापल्या सिंकखाली डोकं घालून बसली. घराघरांतून हसण्याचे आवाज येत होते. ज्यांना 'चहा नाही' निघालं, त्या तिन्ही घरांतून दुसऱ्या दिवशी मामांना चहाचं बोलावणं आलं.

खात्यातल्या अधिकारी बाई कमी बोलणाऱ्या होत्या. वस्तीने त्यांचं नाव मोजणीबाई ठेवलं. त्यांनी मामांना कचेरीत समोर बसवलं आणि सरळ विचारलं, "हे सगळं तुम्ही कालच कशावरून लिहिलं नाही?"

मामा गोंधळले. आपण काल लिहिलं नाही हे सिद्ध कसं करतात, हे त्यांना उस्तादांनी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात मोजणीबाईंचं लक्ष लोकांनी आणून दिलेल्या भिंतींच्या फोटोंतल्या एका ओळीवर गेलं. 'पाणी दिवसभर बंद.' त्यांनी पाणीखात्यातून जुन्या वह्या मागवल्या, कुठल्या दिवशी कुठल्या वस्तीचं पाणी किती वेळ तोडलं त्याच्या. त्या वह्या वर्षानुवर्षं कुलपात पडलेल्या, मामांनी त्या डोळ्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. शिंपीणबाईंची तारीख जुळली. दुसरी जुळली. 'बाराला गेलं, चारला आलं' ह्या नोंदीला वहीत बारा ते सव्वाचार होतं.

"पंधरा मिनिटांचा फरक आहे," मोजणीबाई म्हणाल्या.

"सव्वाचार असेल," मामा म्हणाले. "मी चहा पीत होतो."

बाईंनी ठरवलं की प्रत्येक घरी स्वतः येऊन भिंत बघायची. येत्या शुक्रवारी. मामा कचेरीतून तरंगतच निघाले. अर्ध्या रस्त्यात त्यांच्या लक्षात आलं, तसे ते बसथांब्यावर थांबले. आपल्या घरच्या भिंतीवर काही नाही. काम पुरं झाल्याशिवाय तारीख घालायची नाही, आणि ते काम तर अजून उद्यावर होतं.

जगाचे नळ केले आणि घरचा राहिला, ह्याची मामांना आजवर कधी लाज वाटली नव्हती. आता वाटली, आणि भीतीही वाटली. वस्तीतली बहुतेक घरं त्यांच्या पेन्सिलीवर तरणार होती आणि त्यांची स्वतःची नात दोन बसा पलीकडे जाणार होती.

त्यात वाणी आला. त्याचं वरचं स्वयंपाकघर सहा वर्षांचं. "मामा, त्या सालातला एक आकडा बदला," तो म्हणाला. "झाली सहाची सोळा वर्षं. तुमचीच पेन्सिल, तुमचंच अक्षर. कोणाच्या बापाला कळतंय?"

"मला कळतंय ना," मामा म्हणाले. "तुझ्या भिंतीवर एक खोटं निघालं, तर उरलेल्या तेहतीस भिंतींवर कोण विश्वास ठेवील?" वाणी तोंड फुगवून गेला. मामांनी दार लावलं. बोलणं सोपं होतं, कारण घर वाण्याचं होतं.

गुरुवारी दुपारी लेक कामावर होती, जावई बसवर, आणि मुलगी खाली झोपली होती. मामा पेन्सिल घेऊन वर गेले. सिंकसमोर बसले. बादलीत थेंब पडत होता. स्वयंपाकघर बारा वर्षांचं होतं, हे काही खोटं नव्हतं. कोणत्या सुट्टीच्या दिवशी पाइप वर नेला तेही त्यांना आठवत होतं. मग तारीख घालायला हरकत काय? त्यांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. पण ती अक्षरं आज लिहिली असती, आणि उद्या बाईंनी विचारलं असतं, कधी लिहिलंत? आतापर्यंत त्या प्रश्नाला मामांना एकच उत्तर ठाऊक होतं, काम पुरं झालं त्या दिवशी. त्यांनी पेन्सिल खाली घेतली. मग पेन्सिल कानामागे खोचून खाली आले, आणि झोपलेल्या मुलीपाशी जाऊन बसले. मामी ओट्यापाशी होत्या. त्यांनी मामांकडे पाहिलं, कानामागच्या पेन्सिलीकडे पाहिलं आणि चहा ठेवला.

शुक्रवारी मोजणीबाई आल्या. हातात टॉर्च, बरोबर पाणीखात्याच्या वह्या. वस्तीला असा दिवस माहीत नव्हता. बाई वाकून आत बघत, मामांचा शेरा मोठ्याने वाचत, आणि दारात जमलेली माणसं हसत. 'नवरा-बायकोचं भांडण चालू, नळ कुठे हवा ते ठरेना.' 'सिंक तिसऱ्यांदा हलवलं.' 'कुत्रा चावला, चहा चांगला.' बाई चेहरा न हलवता वहीशी ताडून बघत आणि सही करत. वाण्याच्या घरी त्यांनी मामांचीच सहा वर्षांची तारीख वाचली आणि नकार लिहिला. वाण्याचा बिनलग्नाचा भाऊ वर राहायचा, एकटा म्हणून बाईंनी त्याला वाण्याच्याच कुटुंबात धरलं. तो म्हणाला, झोपायला वर आणि जेवायला खाली, आता आयतं मिळेल. वाण्याच्या बायकोला मात्र हसू आलं नाही.

हेडमास्तरांच्या घरी तर बाई जाणारच नव्हत्या. त्यांना नोटीस कुठे होती? पण हेडमास्तर स्वतः पुढे झाले, म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. माझंही घर बघा, एकच स्वयंपाकघर सापडेल." बाईंनी बघितलं. मागच्या अंगणात सायकल ठेवायची खोली होती, तिला कुलूप. आत काय आहे विचारलं, तर हेडमास्तरांना एकदम खोकला आला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "काही नाही, यांची जुनी पुस्तकं." कुलूप उघडलं. एक शेगडी, एक कढई, एक छोटं सिंक. आणि भिंतीवर, चौदा वर्षांपूर्वीची तारीख टाकून, 'मास्तर म्हणाले, बाईंना सांगू नको. ऑम्लेट दिलं.'

डॉक्टरांनी हेडमास्तरांची अंडी बंद केली होती, त्याला पंधरा वर्षं झाली होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मामांकडे दोनदा. "चौदा वर्षं," त्या म्हणाल्या. "मामा, तुम्हीसुद्धा?" मामा म्हणाले, "मी लिहून ठेवलं होतं की." मोजणीबाईंनी तोंडाला रुमाल लावला. मग त्यांनी वहीत लिहिलं, दुसरं स्वयंपाकघर, जुनं, राहील. हेडमास्तर गर्दीच्या मागे मागे सरकले, आणि वस्तीत अशी वेळ पहिल्यांदाच आली.

सगळ्यात शेवटी मामांचं घर. हसत आलेली गर्दी जिन्यापाशी थांबली, कारण मामांचा चेहरा उतरलेला होता. वर लेक मुलीला कडेवर घेऊन उभी होती. आज तिने रजा टाकली होती. खोलीत एका कोपऱ्यात दोन ट्रंका भरून ठेवलेल्या होत्या.

"दाखवा," मोजणीबाई म्हणाल्या.

"इथे नाही लिहिलेलं," मामा म्हणाले.

"तुमच्याच घरी?"

"काम पुरं झालेलं नाही, बाई. बारा वर्षं झाली, पण नळ अजून गळतो. बघा, चिंधी बांधलेली आहे. मी पुरं न झालेल्या कामावर तारीख टाकत नाही."

बाईंनी चिंधी पाहिली, बादली पाहिली. चौतीस घरांत एकदाही थबकलं नव्हतं ते त्यांचं पेन आता थबकलं. "मग मला नाही म्हणावं लागेल, मामा," त्या म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलं होतं.

"थांबा," मामी मागून म्हणाल्या. "ह्यांनी नाही लिहिलं. मी लिहिलंय."

मामी पुढे आल्या. सिंकच्या डाव्या अंगाला पिठाचा मोठा डबा होता, मामांनी कधी न हलवलेला. त्यांनी तो ओढला. मागच्या भिंतीवर जमिनीपासून कमरेपर्यंत अक्षरंच अक्षरं होती. मामा रोज संध्याकाळी ह्या नळाकडे बघायला येत होते, पण वाकून कधी बघितलं नव्हतं.

बाई खाली बसल्या आणि टॉर्च लावला. सगळ्यात वर साल होतं, बारा वर्षांपूर्वीचं. त्या वाचू लागल्या.

"दोन मे. नळ गळतो. उद्या करतो म्हणाले. तीन मे. नळ गळतो. उद्या करतो म्हणाले. नऊ मे. बादली भरून सांडली. उद्या करतो म्हणाले. अकरा मे. आज दुसऱ्यांच्या घरी तीन नळ केले असं सांगत होते. इथला उद्या."

जिन्यात कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. मामा मेल्याहून मेल्यासारखे झाले. बाई वाचतच होत्या. "वीस जून. आज सगळ्या वस्तीचं पाणी बंद, म्हणून नळ गळला नाही. बरं वाटलं. सासूबाई म्हणतात, त्याला सांग, पोरा, आज छान दुरुस्त केलास."

बाईंनी पाणीखात्याची वही उघडली. पानं उलटली, बोट खाली नेलं, थांबल्या. "वीस जून. मोठा पाइप बदलला. दिवसभर बंद." त्यांनी वही मिटली.

हेडमास्तरांना राहवलं नाही. "पण बाई," ते म्हणाले, "ह्यावरून नळ दुरुस्त नव्हता एवढंच सिद्ध होतं."

"नळ गळत होता म्हणजे नळ होता," मोजणीबाई म्हणाल्या आणि सही केली.

लेक ट्रंकेवरच बसली आणि रडता रडता हसायला लागली. मुलीने तिच्या केसांची बट धरून ओढली. जिन्यातली गर्दी वर घुसली, शिंपीणबाईंनी मामींना मिठी मारली, आणि जावई ड्यूटीवर होता म्हणून त्याला फोन लावायला तिघं एकदम धावले. मामा मात्र डब्याच्या मागे वाकून उरलेलं वाचत होते. मधली बरीचशी वाक्यं मामींची नव्हतीच. 'सासूबाई म्हणतात, बापावर गेलाय, तोही खिडकी उद्याच बसवायचा.' 'सासूबाई म्हणतात, लिही गं, एक दिवस त्याला वाचायला लावू.' आईला लिहिता येत नव्हतं. तिने सुनेच्या हातून लिहून घेतलं होतं. ज्या दोघींचं एका ओट्यापाशी पटत नव्हतं, त्या दोघी आठ वर्षं ह्या कोपऱ्यात बसून मामांविरुद्धच्या तक्रारी लिहीत होत्या.

अगदी खाली, जमिनीला टेकून, शेवटची ओळ होती. तारीख आई जाण्याच्या दोन महिने आधीची. 'सासूबाई म्हणतात, आता त्याला नळाचं बोलू नकोस. नळ नीट झाला तर रोज वर कशाला येईल?'

मामांना रडू फुटलं. सगळ्यांसमोर, सिंकखाली बसून, मिशा ओल्या होईस्तोवर ते रडले. कुणी त्यांना उठवलं नाही. मुलगी तेवढी रांगत त्यांच्याजवळ गेली आणि बादलीत हात घालून बसली.

सगळे गेल्यावर मामांनी मामींना विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? नळ करणाऱ्याच्या घरचा नळ बारा वर्षं गळतोय, हे वस्तीला वाचून दाखवू? भांडण झालं की तुम्हाला दाखवायचं म्हणून ठेवलं होतं ते." मामी डबा जागेवर लावत होत्या. "मग काल तुम्ही पेन्सिल घेऊन वर गेलात. मी जिन्यात उभी होते. म्हटलं, यांनी खोटं लिहिलं तर आपण आपलं खरं पुसून टाकायचं. तुम्ही तसेच खाली आलात, तेव्हा ठरवलं, होऊ दे शोभा."

मामा उठले. खाली जाऊन हत्यारांची पिशवी घेऊन आले. चिंधी सोडली, सूत काढलं, योग्य मापाची जोडणी लावली, पान्ह्याने आवळली. एकूण दहा मिनिटं लागली. मामी घड्याळाकडे बघत होत्या. मामांनी सांध्यावरून बोट फिरवलं. कोरडा. मग डबा पुन्हा ओढून, पोटावर पडून, आईच्या ओळीखाली त्यांनी तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, 'नळ केला.' मामींनी त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्याच्यापुढे लिहिलं, 'चहा दोनदा.'

नियम आहे तसाच आहे. वस्तीत नवं दुसरं स्वयंपाकघर आता कुणाला करता येत नाही, आणि हेडमास्तर म्हणतात की ते योग्यच आहे. मामाही म्हणतात, कारण पाणी खरंच पुरत नाही. पण आता सही करण्याआधी ते अर्ज मामींकडे वाचायला देतात. ट्रंका रिकाम्या झाल्या, त्यांतल्या एकीत मुलीची खेळणी आहेत. सुरुवातीला ती थेंब कुठे गेला म्हणून रोज बादलीत डोकावून बघायची, मग विसरली.

संध्याकाळी मामा कामावरून येतात, पिशवी जिन्याखाली टाकतात, आणि वर जाताना मामींना सांगतात, "नळ बघून येतो."

मामी म्हणतात, "या बघून."